ब गटाची राखण

सर्जनशीलता मुलांना शिकवायची असते, हे सिंधुबाई शिंगाडे यांना नोकरीच्या नवव्या वर्षी बारामतीत कळलं. आणि ती निम्म्या मुलांना अजिबात शिकवायची नसते, हे त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कळलं.

साल शहाण्णव. शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय कृतिसंशोधन. म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गावर प्रयोग करायचा. आधी मोजायचं, मग शिकवायचं, परत मोजायचं आणि काय वाढलं ते वर कळवायचं. त्या वर्षी वाढवायची होती सर्जनशीलता. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. आदल्या वर्षी वृक्षारोपण होतं, त्याच्या आदल्या वर्षी शोषखड्डे. पुण्याहून आलेले तज्ज्ञ गोड बोलायचे. ते म्हणाले, वर्गाचे दोन गट करा. 'अ' गटाला नव्या पद्धतीने शिकवा. 'ब' गटाला नवं काहीच द्यायचं नाही, तो होता तसा ठेवायचा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं? ब गटाला नव्या पद्धतीचा वाराही लागता कामा नये. हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मागच्या बाकावरच्या हिंदुराव गुरुजींनी ते दोन्ही वेळा मनावर घेतलं.

हिंदुराव गुरुजी म्हणजे खोमणेवस्तीच्या शाळेचे मुख्याध्यापक. वस्ती सणसरच्या पलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षकही दोनच, गुरुजी आणि सिंधुबाई. गुरुजी सरळ माणूस. वरून कागद आला की त्यातलं अक्षर न् अक्षर पाळायचं आणि कागदाला काय म्हणायचंय ते समजून घेण्याच्या भानगडीत पडायचं नाही, एवढ्या एका नियमावर त्यांची सगळी नोकरी निर्वेध गेली होती. बाकीच्या बऱ्याच शाळांतल्या गुरुजनांनी घरी बसून, चहा पीत, एका रविवारात सर्जनशीलता वाढवून टाकली. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. ज्याला मागायचं काही नसतं त्याने घाम तरी कशासाठी गाळायचा?

सिंधुबाईंना मात्र मागायचं होतं. खोमणेवस्तीला पाचवीचा वर्ग नव्हता. पाचवीसाठी सणसरला जायचं, म्हणजे कालव्याच्या भरावावरून आणि पुढे दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेल्या उसातून. मुलगे जायचे. मुली चौथीचा निकाल घ्यायच्या, बाईंना वाकून नमस्कार करायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून खुरपायला जायच्या. उसातल्या वाटेने पोरगी एकटी धाडायला कुठलाच बाप तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्या बापांचा रागही येत नसे. राग यायचा तो तालुक्याचा. पाचवीच्या वर्गाचा प्रस्ताव त्या दर उन्हाळ्यात पाठवायच्या आणि तो दर पावसाळ्यात त्रुटी काढून परत यायचा.

बाईंची धाकटी बहीण गोजर अशीच चौथीत थांबली होती. वडील मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचे तेव्हा दोघी बहिणी चुलत्याकडे राहायच्या. मोठीला पाचवीला घातलं आणि तिच्या वाटणीची कामं धाकटीला लावली. गोजर बाईंपेक्षा हुशार होती. हे बाईंना ठाऊक होतं, गोजरलाही ठाऊक होतं, आणि दोघी त्याबद्दल कधी बोलत नसत.

म्हणून प्रशिक्षण संपल्यावर बाईंनी विस्तार अधिकारी पाटसकर साहेबांना चहाच्या टपरीवर गाठलं. साहेब प्रामाणिक होते, आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिकपणे काहीच करत नसत. पण त्या दिवशी प्रशिक्षणाने त्यांनाही हुरूप आला होता.

"बाई, प्रस्ताव कपाटात पडून राहतो, संशोधन जिल्ह्याला जातं," ते म्हणाले. "तुमच्या चौथीवर असा दणदणीत निष्कर्ष काढून दाखवा की बघत राहिले पाहिजेत. मी त्यालाच पाचवीची मागणी जोडतो. प्रयोग पुढे चालवायचा म्हटलं की वर्ग द्यावाच लागेल."

बाई बसमध्ये बसल्या त्या पाचवीचा वर्ग पदरात पडल्यासारख्याच बसल्या.

पहिली चाचणी छापील आली होती. प्रश्न एकच: रिकाम्या पोत्याचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा. चाचणीच्या दिवशी बाईंना सणसरला बैठक होती, त्यामुळे चाचणी गुरुजींनी घेतली. गुरुजींच्या राज्यात आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं. त्यांनी रिवाजाप्रमाणे उत्तर फळ्यावर वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि अख्ख्या चौथीने ते उतरवून घेतलं: 'पोत्याचा उपयोग धान्य भरण्यासाठी होतो.' बाई परत येऊन पेपर बघतात तो सगळ्या वर्गाचं डोकं एक. त्यांनी कपाळाला हात लावला. गुरुजींना त्यांचा हात कपाळाला का गेला तेच कळेना.

"सुरवातीला दोनी गट सारखं पायजेत म्हनलं होतं ना पुन्याच्या सायबांनी?" ते म्हणाले. "हे घ्या. काडीचा फरक न्हाय."

इतके सारखे दोन गट पुण्याच्या साहेबांनाही कधी मिळाले नसतील. मग चिठ्ठ्या टाकून वर्ग वाटला. अ गट बाईंच्या खोलीत बसला. ब गट गुरुजींच्या ताब्यात, अंगणातल्या कडुलिंबाखाली. पहिली ते तिसरीला शुद्धलेखन देऊन देवाच्या हवाली केलं. बाईंनी ब गटाला समजावून सांगितलं की तुम्ही नेहमीसारखं शिकायचं, वेगळं काही करायचं नाही. गुरुजींना हे फार मिळमिळीत वाटलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं की चाचणी होईपर्यंत या गटात कुणी कल्पना करायची नाही. करताना दिसला तर झाडाला फेऱ्या.

अ गटाचे तास सुरू झाले. बाईंना बारामतीहून मार्गदर्शिका मिळाली होती. तिच्यात लिहिलं होतं की शिक्षकाने प्रसन्न मुद्रेने म्हणावं, मुलांनो, आता मुक्तपणे विचार करा. बाईंनी प्रसन्न मुद्रा केली आणि तसं म्हटलं. एकाने विचारलं, बाई, किती ओळी? दुसऱ्याने विचारलं, समास सोडायचा का? तिसरी पोरगी रडायलाच लागली, कारण मुक्त विचार हा धडा तिच्या पुस्तकात सापडत नव्हता. बाईंनी आठवडाभर वाट पाहिली. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि बाई मुलांच्या. शेवटी धीर सुटून त्यांनी मार्गदर्शिकेतले पोत्याचे दहा उपयोग नमुन्यादाखल फळ्यावर लिहिले. तेव्हा कुठे वर्गाच्या जिवात जीव आला. पोरांनी ते दहा उपयोग भराभर उतरवून घेतले आणि पाठ करायला सुरुवात केली. अ गटातल्या एकाची आजी, कुशाबाई, नातवाकडून ते रोज तिन्हीसांजेला शुभंकरोतीनंतर म्हणवून घ्यायला लागली.

वस्तीवर ही बातमी फुटायला फार दिवस लागले नाहीत. ब गटातल्या शालनचे वडील, तात्याबा खोमणे, एके सकाळी पाच-सहा पालक घेऊन शाळेवर आले. तात्याबा कारखान्याचे सभासद, बोलायला मऊ आणि ऐकायला जड. दोन वर्षांपूर्वी शेतीखात्याच्या लोकांनी त्यांच्या रानात उसाचा नमुना प्लॉट घेतला होता. निम्म्या उसाला नवं खत दिलं, निम्म्याला मुद्दाम काहीच दिलं नाही आणि मध्ये पाटी ठोकली. खताचा ऊस बघायला गाड्या भरून माणसं आली. बिनखताचा बोटाएवढा राहिला आणि शेवटी म्हशींपुढे गेला. तेव्हा दोन गट म्हणजे काय हे तात्याबांना पुण्याच्या तज्ज्ञांइतकंच, किंबहुना जरा जास्तच, नीट माहीत होतं.

"बाई, एकच इचारतो," तात्याबा म्हणाले. "माझी पोरगी बिनखताच्या प्लॉटात का घातली?"

बाईंनी शास्त्र सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितकी पालकांची खात्री पटत गेली की आपल्या पोरांवर अन्याय झालाय. त्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. पोरांचा आणि शिक्षणाचा विषय पहिल्या पाच मिनिटांत मागे पडला आणि बैठक पाण्याच्या वाटपावर आली, कारण या मुलखात कुठलीही चांगली गोष्ट वाटायची म्हटलं की माणसांना कालवाच आठवतो. ब गटाच्या पालकांचं म्हणणं पडलं की सर्जनशीलता पाळीने द्यावी, आणि नियमाप्रमाणे आधी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, मग वरच्यांना. कुशाबाई उठून म्हणाली की तिच्या नातवाचं भिजवणं अर्ध्यात तोडलं तर ती बाईंच्या दारात येऊन बसेल. कुणी म्हणालं बारा तासांची पाळी करा. कुणी म्हणालं दिवसाची अ गटाला आणि रात्रीची ब गटाला. शेवटी ब गटवाल्यांनी सांगून टाकलं की ऐकणार नसाल तर शाळेला टाळं लावतो.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. टाळं म्हणजे संशोधन बंद, आणि संशोधन बंद म्हणजे पाचवी गेली. या पोरी गेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मार्चमध्ये चाचणी झाली की ब गटाला सगळीच्या सगळी सर्जनशीलता एकदम देते, कालव्याचं उन्हाळी आवर्तन समजा. पण तोवर कळ काढा, ही पाचवी आपल्या पोरींसाठीच आहे. लोक कुरकुरले. तात्याबांनी मात्र लगेच मान डोलावली आणि बाईंचं खरं आहे म्हणाले. बाईंना हायसं वाटलं. इथे त्या चुकल्या. कालव्याच्या कडेला जन्म गेलेला माणूस पाण्यावरून भांडायचं सोडून एकाएकी मान डोलावतो, तेव्हा त्याचा सायफनचा पाइप रातोरात भरावावरून टाकून झालेला असतो, हे मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या बाईंना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवसापासून ब गटाने चोरी सुरू केली. घरूनच हुकूम होता: आतलं ऐकून यायचं. कुणाला सारखी तहान लागायला लागली, आणि पाण्याची टाकी नेमकी बाईंच्या खिडकीखाली. कुणाची चप्पल खोलीच्या पत्र्यावर जाऊन पडायची आणि ती काढायला चढलेला पोरगा अर्धा तास उतरायचा नाही. गुरुजींनी डोळ्यांत तेल घालून राखण मांडली. खुर्ची टाकीपाशी नेली, पत्र्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. मग त्यांना मोठी अक्कल सुचली. त्यांनी ब गटाला दिवसभर पाढे ओरडून म्हणायला लावले, म्हणजे तोंडं चालू राहतील आणि कानात काही शिरणार नाही. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी ओरडण्याचीही पाळी लावली. निम्मी पोरं पाढा ओरडायची, निम्मी कान लावायची, आणि ऐकलेलं पाढ्याच्याच चालीवर पलीकडे पोचवायची. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक आत बाई म्हणतात पोत्याची काय. गुरुजी बोटांनी ताल धरून बसलेले.

आता खरी गंमत अशी की चोरायला आत काहीच नव्हतं. आत दहा उपयोग होते आणि तेच रोज घोकले जात होते. खिडकीतून अर्धं वाक्य यायचं आणि तेवढ्यात शिट्टी वाजायची. पण घरी गेल्यावर प्रत्येक बाप विचारायचा, आज किती आलं? रिकाम्या हाताने कसं सांगायचं? शालन तर तात्याबांची लाडकी. बापाचं तोंड उतरलेलं तिला बघवायचं नाही. तेव्हा ती ऐकलेल्या अर्ध्या वाक्याला आपलं अर्धं जोडायला लागली, आणि पुढे पुढे ऐकलेलं अर्धं सापडलं नाही तरी तिचं अडेना. सगळ्या ब गटाने हाच धंदा सुरू केला. बाईंना याचा पत्ता लागला तो तात्याबांमुळेच. एकदा ते भरावावर भेटले आणि चोरी उघड होतेय याचं भान न राहता कौतुकाने बोलून गेले.

"बाई, काल तुमी लई भारी शिकवलं," ते म्हणाले. "ढगाला दावं बांधून आपल्या रानावर कसा वडायचा, आन् शेजाऱ्यानं तो चोरला तर वळखू यावा म्हनून त्याला डाग कुठं द्यायचा. शालीनं समदं सांगितलं."

बाईंनी असलं काही जन्मात शिकवलं नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि हसू मावळायच्या आत भीती वाटली. कारण आत, त्यांच्या समोर, प्रसन्न मुद्रेच्या उजेडात, अ गट दहाच्या पुढे अकरावा उपयोग सांगायला तयार नव्हता. आणि बाहेर, राखणीखाली, जिथे काही उगवायलाच नको होतं, तिथे रान माजलं होतं. संशोधन उलटं चाललं होतं. 

पुढचा महिनाभर त्यांनी अ गटापुढे गाणी म्हटली, नकला केल्या, एकदा तर स्वतः पोत्यात शिरून वर्गभर उड्या मारल्या. अ गटाने ते शांतपणे पाहिलं आणि वहीत लिहिलं: अकरा, पोत्यात बाई घालता येतात. पण मार्गदर्शिकेत हे नव्हतं म्हणून नंतर सगळ्यांनी ते खोडून टाकलं.

मार्चमध्ये चाचणी घ्यायला पाटसकर साहेब स्वतः राजदूत मोटारसायकलवरून आले. या वेळी फळ्यावर काही लिहायचं नाही असं बाईंनी गुरुजींना हात जोडून विनवलं होतं. चाचणी झाली. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले आणि तिथेच पेपर तपासायला लागले. आधी अ गट हातात आला. सगळ्यांचे दहा उपयोग, एकाच क्रमाने, समास सोडून. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं. मग ब गट हातात आला. पहिल्याच पेपरवर ते हसले. दुसऱ्यावर मोठ्याने हसले. कुणी लिहिलं होतं की पोतं पालथं घातलं की माणूस भूत होतो आणि सरळ केलं की गिऱ्हाईक. कुणी लिहिलं होतं की पोत्यात अंधार भरून ठेवावा, दुपारी झोपायला उपयोगी पडतो. गुरुजींची शिट्टी पोत्यात घातली तर ती आतल्या आत वाजते आणि पोतं रांगेत उभं राहतं, असंही एकाने लिहिलं होतं. पानं संपली तेव्हा पोरांनी समासात लिहिलं होतं.

शालनच्या पेपरवर मात्र साहेब हसायचे थांबले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि बाईंच्या हातात दिला. सगळ्यात शेवटी तिने लिहिलं होतं: 'पोतं अंथरलं की शाळा होते. आमच्या शाळेत चार वर्ग पोत्यावर बसतात. पाचवीचं पोतं शाळेकडं नाही. मी घरून आणीन.'

बाईंच्या डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली. आपण वर्षभर ज्याच्यासाठी मर मर मेलो ते या पोरीला न सांगता कळलं होतं, आणि तिलाच आपण अंगणात बसवलं होतं, याची त्यांना लाज वाटली.

"हा कुठला गट?" साहेबांनी विचारलं.

एक अक्षर बोलायचं होतं. 'अ' म्हटलं असतं तर मार्गदर्शिका जिंकली असती, साहेब खूश, जिल्हा खूश, पाचवी मंजूर. बाईंचं तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या आधी गुरुजी छाती काढून पुढे आले.

"ब गट, सायेब," ते म्हणाले. "वर्षभर एक शब्द शिकवलेला न्हाय. कुलदैवताची शपथ घेऊन सांगतो."

बाईंनी बुडत्या माणसासारखे हातपाय मारले. त्यांनी कबूल केलं की ब गट शुद्ध राहिला नाही, पोरांनी खिडकीतून चोरून ऐकलं, तेव्हा जे काही आहे ते शिकवण्यामुळेच आहे. गुरुजींना हा आपल्या राखणीचा अपमान वाटला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. जे अ गटाने पुढ्यात बसून ऐकलं त्याने अ गटाचं काही झालं नाही, तर तेच भिंतीआडून ऐकल्याने ब गटाचं होईल कसं? साहेबांचे डोळे चमकायला लागले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या हाती एक निष्कर्ष लागला होता.

पाचवीची मागणी जोडून निष्कर्ष जिल्ह्याला गेला, तिथे वाजतगाजत वर चढला, आणि मे महिन्यात आदेश खाली आला. खोमणेवस्तीला पाचवीचा वर्ग मंजूर. बाईंनी तेवढी ओळ वाचून आदेश छातीशी धरला आणि रडल्या. पुढची ओळ त्यांनी गुरुजींच्या तोंडून ऐकली, कारण गुरुजी कागद शेवटपर्यंत वाचणारे. 'सदर शाळेतील विद्यार्थी अध्यापनाच्या अभावी अधिक प्रगती करतात असे संशोधनांती सिद्ध झाल्याने सदर वर्गास शिक्षक अनुज्ञेय राहणार नाही. कार्यरत शिक्षकांनी सदर वर्गास अध्यापन करून प्रयोगात व्यत्यय आणू नये. आणल्यास वर्गाची मान्यता रद्द समजण्यात येईल.'

बाईंनी तालुक्याला चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला त्यांचं अभिनंदन झालं. पेन्शनला आलेल्या हिंदुराव गुरुजींना त्यांनी विचारलं की बिनशिक्षकाचा वर्ग म्हणजे काय हो? गुरुजींनी बराच वेळ आदेश चाळला आणि तो कायदेशीर आहे एवढंच सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पाटसकर साहेब नारळ घेऊन उद्घाटनाला आले. पाचवीला गुरुजींच्या खोलीचा निम्मा भाग पडदा लावून दिला होता, बाईंच्या चौथीच्या भिंतीला लागून. पोरी नवे फ्रॉक घालून आल्या होत्या, पण बापांनी त्यांना दारातच धरून ठेवलं होतं. आदेशाची बातमी वस्तीभर झाली होती. तात्याबांच्या एका हातात शालनचा हात होता आणि दुसऱ्या हातात तिचं खुरपं. म्हणजे शाळेत नाही राहिली तर इथूनच रानात न्यायची तयारी. बाकीचे बाप तात्याबा काय करतात ते बघत होते.

"बाई, ह्या वर्गाला मास्तर न्हाय म्हनत्यात," तात्याबा म्हणाले. "मंग पोरगी हितं कशाला ठिवू? नुसती बसवून ठिवायला घरी म्हसरं हायती."

साहेब दोन हातांवर होते. त्यांनी नारळ फोडून पाणी हातरुमालाने टिपायला घेतलं होतं. शिकवते म्हटलं तर वर्ग आत्ताच्या आत्ता रद्द. शिकवत नाही म्हटलं तर पोरी आत्ताच्या आत्ता उसात. बाईंनी शालनकडे पाहिलं. पोरगी बापाच्या हातातून बोटं सोडवून घेत नव्हती, पण तिचे पाय उंबऱ्याच्या आत होते. साहेबांसमोर बाई वस्तीचं बोलणं कधी बोलत नसत. आज त्यांच्या तोंडून तेच आलं.

"तात्याबा, ह्या वर्गाला पानी मंजूर न्हाय," त्या म्हणाल्या. "मी दिलं तर गुन्हा हाय. पन माझी चौथी ह्याच भितीला लागून बसती. भितीला वर जाळी हाय. आन् माझा आवाज मोठा हाय."

तात्याबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून नजर जाळीपर्यंत गेली, जाळीवरून गुरुजींच्या खुर्चीकडे आणि तिथून साहेबांच्या पाठीकडे. असं मोजमाप त्यांनी आयुष्यभर भरावावर उभं राहून केलं होतं. मग त्यांनी शालनचा हात सोडला.

"मंग ऱ्हाऊ द्या पोरीला," ते म्हणाले. "हक्काच्या पान्यावर आमचा ऊस तरी कुठं उभा ऱ्हायलाय?"

बाकीच्या बापांनीही हात सोडले. पोरी आत जाऊन बसल्या. साहेबांनी मागे वळून विचारलं की पाण्याचं काय चाललंय, तेव्हा बाई म्हणाल्या की या वेळी आवर्तन उशिरा सुटणार म्हणतात. साहेबांनी काळजीने मान हलवली आणि सगळ्यांना पेढे वाटले. गुरुजी आदेशाचा कागद परत एकदा वरपासून खालपर्यंत वाचत होते. त्यात अध्यापन करू नये असं होतं. ऐकू नये असं कुठेही नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली.

सिंधुबाई चौथीच्या वर्गात गेल्या, वर्गाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि पाचवीच्या गणिताचा पहिला धडा शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला आवाज चौथीपुरताच निघाला. तो भिंतीपलीकडे पोचायला हवा होता, म्हणून त्यांनी खाकरून तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटलं.